शर्यतीची कबुतरं पाळायची आहेत? आधी ढाबळ, मग पक्षी

होमर कबुतराला एकच वाट कळते, घरची. ते जिथे वाढलं, जिथे दाणा खाल्ला, जिथे त्याची जोडी आणि अंडी आहेत, तिथेच ते परत येतं. शर्यतीचा सगळा डाव या ओढीवर उभा असतो. म्हणून नव्याने शौक करणाऱ्याने पहिला पैसा ढाबळीवर, म्हणजे कबुतरांच्या घरावर घालावा. भारी रक्ताचं कबुतर भिकार ढाबळीत ठेवलंत, तर ते एक तर आजारी पडेल, नाहीतर पहिल्या संधीला उडून जाईल.

ही ओढ किती कामाची आहे हे ओडिशा पोलिसांनी दाखवून दिलं. १९४६ मध्ये लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर त्यांनी कोरापुटमध्ये टपाल सेवा सुरू केली. १९८२ च्या पुरात आणि १९९९ च्या चक्रीवादळात, जिथे तारा आणि वायरलेस बंद पडले, तिथे हे पक्षी चिठ्ठ्या पोचवत होते. काही कबुतरांना त्यांनी जाऊन-येऊन उडायलाही शिकवलं होतं. राहायचं एका ठिकाणी, दाणा दुसऱ्या ठिकाणी. घर आणि दाणा या दोनच दोऱ्या आहेत, त्या हातात आल्या की कबुतर हातात आलं.

एक फरक आधीच सांगतो. कोल्हापूर, सांगली, मिरज भागात कबुतरांच्या ज्या जुन्या स्पर्धा चालतात, त्यात पक्षी आपल्याच घरावर उंच किती तास टिकतो ते पाहतात. ती कबुतरं वेगळी आणि ती कलाही वेगळी. इथे मी लांबून सोडल्यावर घर गाठणाऱ्या होमरबद्दल लिहितो आहे.

घरातल्यांशी आणि शेजाऱ्यांशी बोला

हे टाळू नका. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, तर काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच मुद्दा होता. घरात दम्याचा रुग्ण असेल, लहान मूल सारखं खोकत असेल, तर गच्चीवर ढाबळ बांधू नका. सोसायटीत राहत असाल तर परवानगी लेखी घ्या. स्वतःसाठी नियम एकच: चांगला मास्क लावल्याशिवाय झाडू हातात घ्यायचा नाही. झाडण्याआधी पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे धूळ उडत नाही. कोरडा खोकला आणि चढताना लागणारी धाप लांबली, तर डॉक्टरांना आपण कबुतरं पाळतो हे आवर्जून सांगा. ते कळलं नाही तर निदान चुकतं.

ढाबळ

सुरुवातीला ६ फूट बाय ८ फूट आणि माणूस उभा राहील एवढी उंच ढाबळ पुरते. तेवढ्यात २० पक्षी सुखाने राहतात. तीस कोंबलेत की आजार आलाच. जमिनीपासून फूट-दीड फूट उचलून बांधा, खाली उंदीर-घुशींना बिळं करता येऊ नयेत. तोंड पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा ती बाजू पूर्ण बंद ठेवा. नुसते पत्रे घातलेत तर एप्रिल-मेमध्ये ढाबळीची भट्टी होते. पत्र्यावर वाळलेलं गवत किंवा ओलं गोणपाट टाका, जमलं तर सरळ कौलं घाला. वरच्या बाजूला हवा जायला फट हवी. पण बसलेल्या पक्ष्यांवर थेट झोत येता कामा नये. माझ्या मते कोरडी ढाबळ ही अर्धी औषधं आहेत. पावसाळ्यात आत शिरून नाकाने तपासा. ओलसर, आंबट वास आला तर कुठेतरी पाणी मुरतं आहे.

जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची मोठ्या भोकांची जाळी चालत नाही, तीतून उंदीर सहज येतो आणि धामणीचं पिल्लूही शिरतं. मांजर तर जाळीतून पंजा घालून पक्षी ओढतं. प्रत्येक पक्ष्याला बसायला स्वतःचा खण हवा, कारण होमर जागेवरून भांडतात.

दाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे आत येण्याची खिडकी. तिच्यापुढे उतरायला फळी आणि खिडकीत वरून लोंबणाऱ्या तारा. कबुतर तारा आत ढकलून येतं, पण बाहेर ढकलता येत नाहीत. ही खिडकी तुमची शर्यत कशी ठरवते, ते पुढे आकड्यांत दाखवतो.

पक्षी कोणते घ्यायचे

मोठा, उडालेला होमर विकत घेऊ नका. तो कितीही देखणा असो, सोडलात की जुन्या मालकाकडे जाणार. असे पक्षी फक्त पैदाशीसाठी, कायम बंद ठेवून वापरतात. तुम्हाला हवीत ती २८ ते ३५ दिवसांची पिल्लं, नुकती स्वतः दाणा टिपायला लागलेली, पायात वळं, म्हणजे क्रमांकाची कडी असलेली. सहा ते दहा पिल्लं पुरेत. विकणाऱ्याला त्यांच्या आईबापांनी किती लांबून घर गाठलं ते विचारा.

पिल्लू हातात असं घ्या: त्याचं तोंड तुमच्या छातीकडे, दोन्ही पाय तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, अंगठा वरून पंखांच्या टोकांवर आणि शेपटीच्या मुळाशी. दुसरा तळहात छातीखाली. घट्ट आवळू नका, त्याने तुमच्या हातावर रेलून बसलं पाहिजे. आता छातीचं हाड बोटाने चाचपा, ते सरळ हवं. चोच हळूच उघडा, घसा गुलाबी आणि स्वच्छ दिसला पाहिजे. पिवळट, दह्याच्या गुठळीसारखं काही दिसलं तर तो पक्षी तिथेच ठेवा. पंख उलगडून सोडा, तो चटकन मिटला पाहिजे. डोळे कोरडे आणि चमकदार हवेत, नाकपुड्या मोकळ्या हव्यात.

बुबुळातल्या रेषा आणि रंग पाहून शर्यतीचा पक्षी ओळखता येतो असं अनेक जुने शौकीन सांगतात. मला ते पटत नाही. डोळ्यावरून आरोग्य कळतं, वेग कळत नाही. पैसे त्यावर घालू नका.

आणलेली पिल्लं जुन्या पक्ष्यांत लगेच मिसळू नका. तीन-चार आठवडे वेगळी ठेवा.

घराची ओळख

पहिले काही दिवस पिल्लांना खिडकीपुढच्या जाळीच्या पिंजऱ्यात बसवा. तिथून त्यांना आजूबाजूच्या गच्च्या, झाडं, टाक्या, आकाश सगळं दिसतं. दाणा देताना रोज तोच आवाज करा. शिट्टी वाजवा किंवा पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवा. आठवडाभरात त्यांना तो आवाज म्हणजेच जेवण हे पाठ होतं. मग रोज पिंजऱ्यातून तारांखालून आत बोलवा. आधी तारा वर बांधून, मग एक-दोन खाली सोडून, शेवटी सगळ्या खाली.

पहिल्यांदा सोडायचं ते सूर्यास्ताआधी तासभर आणि पिल्लं भुकेली असताना. त्यांना हुसकावून उडवू नका. ती छपरावर चालतील, पंख फडफडवतील, एखादं शेजारच्या टाकीवर जाईल. शांत राहा, अंधार पडायच्या आत डबा वाजवा. भरल्या पोटी सकाळी सोडलेलं पिल्लू वाऱ्याबरोबर वाहत जातं, त्याला परतायचं कारणच नसतं. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचं झाल्यावर त्यापुढे हे काम लांबवू नका. पंखांत बळ आल्यावर पहिल्यांदा सोडलेलं पिल्लू घर बघायच्या आतच लांब निघून जातं.

दाणापाणी

एका पक्ष्याला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास दाणा लागतो. पण आकड्यापेक्षा त्यांच्याकडे बघा. सगळ्यात चवदार मका आणि वाटाणे संपून ते ज्वारी-बाजरीकडे वळले आणि एक-दोन जण पाण्याकडे गेले की दाणा उचला. ढाबळीत दिवसभर दाणा पडून राहिला तर तुमची शिट्टी कोणी ऐकणार नाही, आणि उंदीर येतील ते वेगळंच.

मका, ज्वारी, बाजरी, गहू यांनी ताकद येते. वाटाणे, मूग, मसूर, बारीक हरभरा यांनी पिल्लं वाढतात आणि नवी पिसं येतात. करडई आणि भुईमुगाचे दाणे हे लांब पल्ल्याचं इंधन आहे. पिल्लं असताना आणि पिसं गळताना कडधान्य वाढवा. शर्यतीच्या आठवड्यात शेवटचे तीन दिवस मका आणि करडई वाढवा. बाकी दिवशी साधं मिश्रण द्या. मूठभर दाणा नाकाशी धरून बघायची सवय लावा. बुरशीचा वास आलेला दाणा कितीही महाग असो, टाकून द्या. बुरशीचं विष यकृताला लागतं.

कबुतराला दात नाहीत, त्याच्या पोटातली गिरणी खड्यांवर चालते. शिंपल्यांचा चुरा, विटेचा चुरा, कोळशाची पूड आणि चिमूट मीठ असं मिश्रण वेगळ्या वाटीत कायम ठेवा. अंडी घालणाऱ्या मादीला शिंपल्यातला चुना लागतोच.

पाणी रोज, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा बदला. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात, कबुतर मात्र चोच बुडवून पाणी शोषून घेतं. म्हणून भांडं इंचभर तरी खोल हवं, आणि वरून झाकलेलं, म्हणजे त्यात विष्ठा पडत नाही. आठवड्यातून एकदा पसरट भांड्यात आंघोळीचं पाणी द्या. ते बघण्यासारखं असतं: आधी एक जण काठावर बसून चोच बुडवून पाहतो, मग सगळे एकदम आत, एक पंख वर करून कुशीवर पडून राहतात. आंघोळ झाली की पाणी लगेच फेका.

रोज सकाळची विष्ठा

ढाबळ खरवडताना निरखून बघा. घट्ट, गोल, तपकिरी, वर पांढरी टोपी आणि सोबत एखादं बारीक पीस असेल, तर सगळं ठीक आहे. हिरवी आणि पाण्यासारखी विष्ठा कोणत्या खणाखाली आहे ते बघा, त्या पक्ष्याला त्याच क्षणी वेगळं करा.

मान वळली, पक्षी दाण्यावर चोच मारताना नेम चुकतो, पाणी खूप पितो आणि पातळ विष्ठा करतो, ही पॅरामिक्सो विषाणूची लक्षणं. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लं दीड महिन्याची झाली की पशुवैद्यांकडून ती टोचून घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर चोचीच्या आणि डोळ्यांच्या कडेला मस्से आले तर देवी. डास पसरवतात, म्हणून आसपास पाणी साचू देऊ नका. घशातली पिवळी गुठळी म्हणजे कँकर. हा पाण्याच्या भांड्यातून आणि आईबापांच्या भरवण्यातून पसरतो. पिसांत शिरून तिरकी पळणारी चपटी माशी दिसली तर ती कबुतरांचा मलेरिया पसरवते, तिचा बंदोबस्त लगेच करा.

औषधाच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेली प्रतिजैविकं पाण्यात मिसळण्याची प्रथा आपल्याकडे फार आहे. ती सोडा. ताजी विष्ठा बाटलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंत आहेत की दुसरं काही ते काही मिनिटांत कळतं, आणि मग औषध एकच आणि नेमकं द्यावं लागतं.

जोडी आणि पिल्लं

कबुतर सहा महिन्यांचं झालं की जोडी लावता येते. नराला आणि मादीला एका मोठ्या खणात मधे जाळी घालून दोन-चार दिवस ठेवा, मग जाळी काढा. खणात मातीची परळ ठेवा आणि बाहेर कडुनिंबाच्या काड्या पसरा. तंबाखूच्या काड्या मिळाल्या तर त्या सर्वांत चांगल्या, उवा लागत नाहीत. निपाणी भागात त्यांना तोटा नाही. काड्या नर एकेक करून नेतो, मादी अंगाखाली रचते.

पहिलं अंडं संध्याकाळी येतं, दुसरं त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी. साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. दिवसा बराच वेळ नर बसतो, रात्री मादी. पहिले काही दिवस दोघंही पिल्लांना गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार झालेलं दुधासारखं घट्ट अन्न भरवतात. नराला दूध येतं असे पक्षी जगात फार थोडे, त्यामुळे या दिवसांत नरालाही पोटभर द्या.

सहाव्या ते आठव्या दिवसाच्या मधे वळं घालायचं. पुढची तिन्ही बोटं एकत्र जुळवून त्यातून वळं सरकवा. मागचं बोट नळीला चिकटवून धरा, वळं त्यावरूनही वर न्या, आणि मग काडेपेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने ते बोट हळूच मोकळं करा. सहाव्या दिवसाआधी घातलंत तर गळून पडेल. दहाव्या दिवसानंतर जाणारच नाही. या वळ्यावरचं वर्ष आणि क्रमांक हीच त्या पक्ष्याची जन्मभराची ओळख, वहीत लगेच उतरवा.

पावसाळ्यात पिसं गळतात. पंखातली दहा मोठी पिसं आतून बाहेरच्या दिशेने एकेक करून पडतात आणि नवी येतात. या काळात लांब उडवू नका आणि जोड्या सोडवून ठेवा.

टॉस

टॉस म्हणजे सरावासाठी पक्षी घरापासून लांब नेऊन सोडणं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याला सुरुवात करा. शर्यत ज्या दिशेने व्हायची असेल त्याच दिशेने. पुण्याच्या शौकिनाला सोलापूर रस्ता सोयीचा, कारण मधे घाट नाहीत. हडपसर, मग लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, आणि पुढे भिगवण, इंदापूर असे टप्पे वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावरून दोन-तीनदा सोडा आणि पक्षी सरळ रेषेत, वेळेत येऊ लागले की पुढे जा. पहिल्या टॉसला सकाळी उपाशी न्या आणि सगळे एकत्र सोडा. यवतपासून दोन-दोन, मग एकेकटे. कळपामागे उडणारं कबुतर वाट शिकत नाही.

सूर्य, पृथ्वीचं चुंबकत्व, वाऱ्यावरचे वास, ओळखीच्या खुणा, हे सगळं कबुतर वापरतं. १९७० च्या दशकात इटलीतल्या संशोधकांनी वासाचा भाग दाखवला. २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना दिसलं की ओळखीच्या भागात कबुतरं चक्क रस्ते धरून उडतात, वळणावर वळतात. यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच: धुक्यात, ढगाळ हवेत, जोराच्या समोरच्या वाऱ्यात सोडू नका. करंडी उघडण्याआधी अर्धा तास त्यांना आजूबाजूचं आणि आकाश बघू द्या, पाणी द्या. दुपारच्या उन्हात तर कधीच नाही.

शर्यत आणि घड्याळ

आदल्या संध्याकाळी सगळ्या स्पर्धकांचे पक्षी एकत्र जमा होतात, वळ्यांची नोंद होते. सकाळी एकाच वेळी सोडतात. प्रत्येकाची ढाबळ वेगळ्या अंतरावर असल्याने पहिला कोण पोचला यावर निकाल लागत नाही. अंतर भागिले वेळ, म्हणजे मिनिटाला किती मीटर.

समजा सकाळी ७ ला सोडले. तुमची ढाबळ १२० किलोमीटरवर, पक्षी ८.४० ला आत. १०० मिनिटं, मिनिटाला १२०० मीटर. दुसऱ्याची ढाबळ ११७ किलोमीटरवर, पक्षी ८.३८ ला आत. ९८ मिनिटं, ११९४ मीटर. तो आधी पोचला, तरी तुम्ही जिंकलात. आता तुमचं कबुतर खिडकीत न शिरता एक मिनिट छपरावर बसून राहिलं असं धरा. १०१ मिनिटं, ११८८ मीटर. हरलात. शंभर मिनिटं जीव तोडून उडालेल्या पक्ष्याची मेहनत छपरावर त्या एका मिनिटात वाया गेली, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. म्हणून शिट्टी आणि तारांची सवय मी एवढी लावून धरतो. आता बऱ्याच ठिकाणी पायातल्या चिपने फळीवरच वेळ नोंदली जाते, पण तिथेही पक्षी फळीवर यायला हवा.

पहिल्या वर्षी १०० ते १५० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. जोडीदारापासून दूर ठेवून उडवण्याच्या पद्धतींच्या मागे लागायची घाई नको. साध्या जोडीवरचं, अंड्यावर बसलेलं कबुतरही जोरात येतं. परतल्यावर पाण्यात थोडा गूळ आणि चिमूट मीठ घालून द्या, मग हलका दाणा, आणि दोन दिवस विश्रांती.

ससाणा आणि मांजा

थंडीत बहिरी ससाणे आपल्याकडे उतरतात, उजनीच्या पाणथळीवर तर हमखास. भिगवणच्या टप्प्यावर पक्षी धरणापासून लांब सोडा आणि पहाटे ऐवजी ऊन वर आल्यावर सोडा. गच्चीवर शिक्रा फिरू लागला तर दोन-चार दिवस कबुतरं आतच ठेवा. ससाण्याला गलोल मारणं, सापळा लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तसंही तो आपल्या पोटासाठीच येतो.

माणसाने केलेला धोका त्याहून वाईट. आपला शर्यतीचा काळ आणि संक्रांत एकाच वेळी येतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी जानेवारीत झाडाझाडांवर तो लटकतोच. संक्रांतीच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा कबुतरं सोडू नका, एवढं माझं ऐका. पंखात अडकलेला मांजा ओढू नका, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापा. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा आणि पशुवैद्यांकडे न्या. कापलेला स्नायू शिवला तर पक्षी जगतो.

शर्यतीला गेलेलं कबुतर त्या दिवशी आलं नाही, तर खिडकी दुसऱ्या दिवशीही उघडी ठेवा. रात्री कुठे झाडावर बसून सकाळी येणारे असतात, महिन्याने येणारेही असतात. आल्यावर त्याला त्याचाच खण मोकळा सापडला पाहिजे, म्हणून तो लगेच दुसऱ्याला देऊ नका. आणि तुमच्या गच्चीवर कोणाचं वळं असलेलं दमलेलं कबुतर उतरलं, तर खोल भांड्यात पाणी, मूठभर ज्वारी-बाजरी आणि सावली द्या. तुमच्या पक्ष्यांत मिसळू नका. वळ्यावरचा क्रमांक शर्यत भरवणाऱ्यांना कळवा, दोन दिवस राहू द्या आणि स्वच्छ सकाळी हात उंच करून सोडा.